रांग कुणाच्या ताब्यात?

"स्पीड टेस्टला पूर्ण चाळीस येतात, पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो." इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे वाक्य नवीन नसतं. तो येतो, आपल्या फोनवर पुन्हा स्पीड टेस्ट लावतो, चाळीसचा आकडा दाखवतो आणि "आमच्याकडून लाइन ओके आहे" म्हणून निघून जातो. तो खोटं बोलत नाही आणि तक्रार करणाराही खोटं बोलत नाही. दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात.

ही तक्रार समजून घ्यायला बावधन ही चांगली जागा आहे. मुळशी तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला असलेलं हे गाव. बावधन खुर्द आधीच पुणे महापालिकेत गेलं होतं, बुद्रुक ३० जून २०२१ रोजी तेवीस गावांपैकी एक म्हणून गेलं. एका अंगाला कोथरूड, दुसऱ्या अंगाला पाषाण आणि महामार्ग धरला की पुढे आयटी कंपन्यांची हिंजवडी. त्यामुळे इथल्या सोसायट्यांत संगणकाच्या कामावर पोट असलेली घरं भरपूर. २०२० नंतर यातल्या कित्येक घरांतली एक खोली कायमची ऑफिस झाली. समजा, अशाच एका फ्लॅटमध्ये सकाळी अकरा वाजता सून मीटिंगमध्ये आहे, आजोबा परदेशातल्या नातवाशी बोलतायत, टीव्हीवर मालिका चालू आहे आणि परवाच्या लग्नात काढलेले व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमधून गुपचूप क्लाउडवर चढतायत. प्लॅन ४० एमबीपीएसचा, चढता-उतरता सारखाच. इतक्या लोकांना तो पुरायला हवा की नको?

पुरायला हवा. तरीही आवाज तुटतो आणि त्याला कारण आहे.

वेग आणि विलंब

आधी एककांचा घोळ मिटवू. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त ५ मेगाबाइट जातात. लग्नाचे व्हिडिओ ३ जीबीचे असतील तर ते चढायला ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं लागतील.

आता आवाजाचा हिशेब. इंटरनेटवरून बोलताना आपला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो आणि दर सेकंदाला अशी पन्नासेक पॅकेट निघतात. सगळं मिळून हा खर्च १०० केबीपीएसच्या आत बसतो. ४० एमबीपीएसच्या जोडणीचा हा चारशेवा हिस्सा. चारशेपैकी एक हिस्सा मागणारा आवाज तुटतो, मग उरलेले ३९९ हिस्से काय करत असतात?

आवाजाला फार बॅण्डविड्थ लागतच नाही. त्याला वेळेवर पोचणं लागतं. बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सुरळीत वाटतं, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेली आहे. त्यापुढे विलंब वाढत गेला की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात, मग "हां, तुम्ही बोला" सुरू होतं. विलंब सारखा बदलत राहिला की मधले शब्दच गळतात.

हा विलंब येतो कुठून? अंतरामुळे म्हणावं, तर काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बावधनहून मुंबई दीडशे किलोमीटर धरली तर एका बाजूचा प्रवास एका मिलिसेकंदाच्याही आत होतो. वाटेतली यंत्रं आणि केबलची वळणं धरली तरी जाऊन-येऊन थोडेच मिलिसेकंद. तेव्हा अंतर हे कारण नव्हे.

कारण टीव्हीशेजारच्या डब्यात आहे. राउटरमध्ये किंवा कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यात बाहेर जाणारी पॅकेट थांबवून ठेवायला थोडी मेमरी असते, तिला बफर म्हणतात. समजा ती एक मेगाबाइट आहे. फोनने व्हिडिओ चढवायला सुरुवात केली की ती काही क्षणांत भरते. एक मेगाबाइट म्हणजे ८ मेगाबिट. ते ४० एमबीपीएसने बाहेर पडायला सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंद लागतात. सुनेच्या तोंडून निघालेला शब्द या रांगेच्या शेपटाला उभा राहतो आणि २०० मिलिसेकंदांनी डब्याबाहेर पडतो. तेवढ्या वेळात तंतूतला प्रकाश ४०,००० किलोमीटर गेला असता, म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालून आला असता. शब्द अजून हॉलमध्येच!

स्पीड टेस्ट मात्र झकास येते. बफर भरलेला असतो तेव्हा तार एक क्षणही रिकामी राहत नाही आणि सेकंदाला किती बिट गेले एवढंच ती चाचणी मोठ्या अक्षरांत दाखवते. किती वेळ थांबून गेले हे विचारलंच नाही तर उत्तर कसं मिळणार?

मेमरी स्वस्त झाली, रांग लांबली

जाळ्यावर गर्दी होऊन सगळंच ठप्प होण्याचा धोका जॉन नेगल या अभियंत्याने १९८४ मध्येच लिहून ठेवला होता. पुढच्याच वर्षी त्याने एक गमतीदार वाटणारा प्रश्न घेतला: जाळ्यातल्या यंत्रांना अमर्याद मेमरी दिली तर गर्दीचा प्रश्न सुटेल का? त्याचं उत्तर होतं, नाही. रांग फक्त इतकी लांब होईल की पॅकेट पोचेपर्यंत ते शिळं झालेलं असेल.

ऑक्टोबर १९८६ मध्ये हे प्रत्यक्ष दिसलं. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग ३२ केबीपीएसवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९८८ मध्ये उपाय मांडला: पाठवणाऱ्या संगणकानेच गर्दीचा अंदाज घेऊन वेग कमी करावा. गर्दी झाली हे त्याला कळणार कसं? एखादं पॅकेट हरवलं की समजायचं, वाट भरली. आजही जगातली बहुतेक फाइलींची वाहतूक याच शिस्तीने चालते. पाठवणारा हळूहळू वेग वाढवत जातो, पॅकेट गळालं की एकदम कमी करतो, पुन्हा वाढवतो.

थोडक्यात, पॅकेट गळणं हा जाळ्याच्या भाषेतला निरोप आहे. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि "एकही पॅकेट वाया जाऊ नये" या सद्हेतूने डब्याडब्यांत मोठाले बफर बसू लागले. पॅकेट गळेना, म्हणून निरोप पोचेना. निरोप पोचेना, म्हणून पाठवणारा वेग कमी करेना. आणि रांग कायमची भरलेली राहू लागली. २०१० मध्ये बेल लॅब्जमधले जिम गेटीस घरून एक मोठी फाइल पाठवत होते, तेव्हा घरातलं बाकी इंटरनेट मेल्यासारखं झालं. मोजून पाहिलं तर विलंब सेकंदाच्या वर गेलेला. त्यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. मागे लागून पाहिल्यावर घरच्या राउटरपासून मोबाइलच्या मनोऱ्यांपर्यंत सगळीकडे तेच सापडलं.

चार एमबीपीएसवर पाणी सोडायचं

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो. ४० एमबीपीएसची जोडणी असेल तर आपल्या राउटरला सांगायचं: ३६ च्या वर एक बिटही बाहेर सोडू नकोस. यालाच ट्रॅफिक शेपिंग म्हणतात.

मुद्दाम कमी का? कारण रांग नेहमी सगळ्यात अरुंद जागेच्या तोंडाशी लागते. बावधनकरांना हे चांदणी चौकाने वर्षानुवर्षं शिकवलं आहे. जुन्या पुलाखाली महामार्गाला रुंद व्हायला जागा नव्हती, म्हणून अलीकडे-पलीकडे रस्ता कितीही मोठा असला तरी गाड्या तिथेच तुंबत. तो पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला गेला आणि नव्या उड्डाणपुलांचं उद्घाटन १२ ऑगस्ट २०२३ रोजी झालं. घरच्या जाळ्यातला अरुंद भाग म्हणजे कंपनीचा डबा आणि त्यापुढची लाइन. तिथली रांग कशी चालवायची हे आपल्या हातात नाही. आत किती मोठा बफर आहे हेही कुणी सांगत नाही. ती जागा पाडता येत नसली, तरी तिच्याआधी आपली स्वतःची, तिच्याहून किंचित अरुंद जागा तयार करता येते. ३६ चा आकडा घातला की कंपनीच्या डब्यात रांग लागतच नाही, ती आपल्या राउटरमध्ये लागते. आणि आपल्या राउटरमधल्या रांगेत कुणाला पुढे सोडायचं, कुणाला थोपवायचं, कुणाला घरी परत पाठवायचं हे आपण ठरवतो. चौकातल्या गाडीला असं नाहीसं करता येत नाही. पॅकेटला येतं आणि तेच इथे उपयोगी पडतं: वेळीच एक पॅकेट टाकून दिलं की पाठवणाऱ्याला निरोप मिळतो आणि तो शहाण्यासारखा वेग कमी करतो.

किंमत काय पडली? लग्नाचे व्हिडिओ दहा मिनिटांऐवजी साधारण अकरा मिनिटांत चढतील. मीटिंग शाबूत ठेवायला एका मिनिटाचा हा सौदा महाग नाही.

आकडा पाळण्याची राउटरची पद्धत 'टोकन बकेट' या नावाने ओळखली जाते. ठरलेल्या गतीने टोकन जमा होत राहतात. पॅकेट बाहेर जायचं तर त्याच्या आकाराइतकी टोकन खर्च करावी लागतात. टोकन संपली की थांबायचं. ३६ एमबीपीएस म्हणजे दर मिलिसेकंदाला ४,५०० बाइटांची टोकन, म्हणजे १,५०० बाइटांची पूर्ण भरलेली तीन पॅकेट. जमा टोकनांनाही कमाल मर्यादा असते. ती मोठी ठेवली तर शांततेनंतर एकदम मोठा लोंढा सुटू शकतो, लहान ठेवली तर प्रवाह एकसारखा राहतो.

इथे दोन गोष्टींत फरक करायला हवा. जास्तीची पॅकेट थांबवून सावकाश सोडणं म्हणजे शेपिंग. ती थेट फेकून देणं म्हणजे पोलिसिंग. पहिल्यात प्रवाह गुळगुळीत होतो, दुसऱ्यात हिसके बसतात. कंपन्या प्लॅनचा वेग राखायला दोन्ही वापरतात.

रांगेतला न्याय

नुसतं ३६ वर बांधून भागत नाही. राउटरमधली रांगही 'आधी येईल तो आधी जाईल' अशीच असेल, तर तुंबणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात आलं इतकंच. म्हणून रांग चालवण्याची पद्धत बदलावी लागते. इथेही पहिली कल्पना नेगलचीच, १९८५ ची: प्रत्येक पाठवणाऱ्याची रांग वेगळी ठेवा आणि आळीपाळीने प्रत्येकाचं एक पॅकेट सोडा. मग व्हिडिओ चढवणाऱ्या फोनने हजार पॅकेट उभी केली तरी त्याची त्याने वाट पाहावी. मीटिंगच्या एकुलत्या पॅकेटाला पुढच्याच फेरीत वाट मिळते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी यात दुसरा तुकडा जोडला, 'कोडेल'. रांगेत किती पॅकेट आहेत हे तो पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं हे पाहतो. हा वेळ सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला तर तो पॅकेट टाकायला लागतो. क्षणभराची गर्दी तो खपवून घेतो, ठाण मांडून बसलेली रांग खपवून घेत नाही. वेगवेगळ्या रांगा आणि कोडेल मिळून झालं 'एफक्यू-कोडेल'. ते त्याच वर्षी लिनक्समध्ये आलं आणि जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या दस्तऐवजात नोंदवलं गेलं. त्याच वर्षी लिनक्समध्ये आलेलं 'केक' त्याच्याही पुढे जातं: शेपिंग आणि रांग एकाच जागी, शिवाय वाटणी आधी माणशी, म्हणजे उपकरणागणिक, आणि मग त्या उपकरणातल्या कामांगणिक. एका लॅपटॉपने पन्नास जोडण्या उघडल्या म्हणून त्याला पन्नास वाटे मिळत नाहीत.

या पद्धतीत थोडंसंच बोलणाऱ्याला आपोआप झुकतं माप मिळतं. सेकंदाला पन्नास छोटी पॅकेट पाठवणारा आवाज बहुतेक वेळा रांगेत उभाच राहत नाही. कुठलं ॲप महत्त्वाचं, कुठला फोन कुणाचा, अशी यादी बनवायची गरज पडत नाही.

राउटरच्या पानावर

आता हे करायचं कसं? पहिलं काम मोजणीचं. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. वाय-फायवरची मोजणी या कामाला उपयोगाची नाही. सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, दोन्ही दिशांचा वेग पाहा. मग एका खिडकीत ८.८.८.८ या पत्त्याला सलग पिंग लावा, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते दिसत राहील, आणि दुसऱ्या खिडकीत मोठी फाइल चढवायला घ्या. शांत असताना ५-१० मिलिसेकंद दाखवणारा पिंग फाइल चढताना २०० वर गेला, तर दुखणं रांगेचंच आहे. तो जागचा हलला नाही, तर शेपिंगने काही साधणार नाही. कारण दुसरीकडे शोधा.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून राउटरचं पान उघडा. साध्या राउटरवर 'क्यूओएस' किंवा 'बॅण्डविड्थ कंट्रोल' या नावाने सोय असते. ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली चालणाऱ्या राउटरवर 'एसक्यूएम' नावाचा भाग जोडता येतो आणि मायक्रोटिक कंपनीच्या राउटर-प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत एफक्यू-कोडेल आणि केक दोन्ही आहेत. चढत्या दिशेचा आकडा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के ठेवून सुरुवात करा, उतरत्या दिशेचा ८५ ते ९० टक्के. रात्री वेग घसरत असेल तर रात्रीचाच आकडा धरा. पुन्हा पिंग पाहा. ताळ्यावर आला असेल तर आकडा थोडा थोडा वर न्या आणि पिंग बिघडायला लागेल तिथून एक पायरी खाली थांबा.

उतरत्या दिशेला जास्त सूट का? कारण बाहेरून येणारी पॅकेट आपल्याला दिसतात तेव्हा ती अरुंद जागा ओलांडून आलेली असतात. तिथे आपण रांग थेट हलवू शकत नाही. पोचलेल्यांपैकी काही टाकून, दूरच्या सर्व्हरला वेग कमी करायला लावतो. हा निरोप जाऊन परिणाम दिसायला वेळ लागतो, तेवढी मोकळी जागा ठेवावी लागते.

काही खाचा नेहमी आडव्या येतात. पहिली म्हणजे दोन डबे. कंपनीचा डबाही वाय-फाय देतो आणि आपला राउटरही. घरातली निम्मी उपकरणं कंपनीच्या वाय-फायवर असतील तर आपल्या राउटरचं शेपिंग त्यांना शिवतही नाही. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करून सगळ्यांना एकाच दारातून जायला लावायचं. दुसरी खाच राउटरच्या ताकदीची. पुष्कळ राउटर वेग गाठण्यासाठी 'हार्डवेअर नॅट'सारख्या सोयीने पॅकेट मुख्य प्रोसेसरला न दाखवताच पुढे ढकलतात. ती चालू असेल तर शेपिंगचे नियम कागदावरच राहतात. ती बंद करावी लागते आणि बंद केली की स्वस्तातल्या राउटरचा प्रोसेसर शंभर-दोनशे एमबीपीएसच्या आसपासच धापा टाकू शकतो. तिसरी खाच उपकरणांच्या ओळखीची. आताचे फोन आपला मॅक पत्ता लपवून नकली पत्ता वापरतात. "मुलाच्या फोनला १० एमबीपीएस" असा नियम पत्त्यावर बांधला असेल आणि पत्ता बदलला, तर नियम अनाथ होतो. घरच्या वाय-फायपुरती फोनमधली ती सोय बंद ठेवावी.

बऱ्याच साध्या राउटरवर केक-कोडेल काही नसतं, फक्त उपकरणागणिक मर्यादा घालता येते. तिथे चौघांना दहा-दहा वाटून देण्याचा मोह आवरावा. तिघं घराबाहेर असले तरी चौथा दहावरच अडकतो आणि तीस वाया जातात. राउटरमध्ये 'किमान' आणि 'कमाल' असे दोन रकाने असतील तर कामाच्या लॅपटॉपला किमान १० आणि कमाल ३६, टीव्हीला किमान १० आणि कमाल ३०, असं मांडावं. किमान म्हणजे गर्दीतही मिळणारा हक्क, कमाल म्हणजे दुसरे वापरत नसतील तेव्हा उसनं घ्यायची मर्यादा. सगळ्या किमान आकड्यांची बेरीज ३६ च्या आत राहिली पाहिजे. आणि 'सर्वोच्च प्राधान्य' एकाच कामाला द्यावं. घरातल्या प्रत्येकाने आपलं काम सर्वोच्च ठरवलं की पुन्हा एकच रांग उरते.

एवढं करूनही आतल्या खोलीत आवाज तुटत असेल, तर दोष वाय-फायचा. शेजारपाजारच्या पंचवीस राउटरांची २.४ गिगाहर्ट्झवर चाललेली ओढाताण शेपिंगने मिटत नाही. तिथे ५ गिगाहर्ट्झ, राउटरची जागा बदलणं किंवा सरळ केबल टाकणं हेच उपाय.

कंपनीच्या बाजूला

आपल्या हॉलमध्ये जे चाललं आहे, तेच मोठ्या प्रमाणावर कंपनीकडे चालतं. इमारतींना पुरवलेल्या फायबरमध्ये जीपॉन ही पद्धत सर्रास वापरतात. तिच्यात एका तंतूवर उतरता वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि चढता सुमारे १.२५ जीबीपीएस असतो आणि तो ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. ६४ घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर बेरीज ६.४ जीबीपीएस होते, म्हणजे तंतूच्या अडीचपटीहून जास्त. ही लबाडी नव्हे. सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेग मागत नाहीत यावर हा व्यवसाय उभा आहे. रविवारी रात्री भारताचा सामना रंगात आला की मात्र हे गृहीतक ताणलं जातं.

गावोगावच्या छोट्या पुरवठादारांकडे या कामाला लाटव्हियाच्या मायक्रोटिक कंपनीची यंत्रं फार दिसतात. ग्राहकाचा लॉगिन झाला की त्याच्या प्लॅनप्रमाणे त्याची एक रांग तयार होते आणि तिला वेगाचा आकडा लागतो. यात 'बर्स्ट' नावाची एक सोय आहे: पहिले काही सेकंद प्लॅनपेक्षा जास्त वेग, मग ठरलेला वेग. वेबपान झटकन उघडतं आणि ग्राहक खूश होतो. पण आखूड स्पीड टेस्टही तेवढ्यात उरकते. म्हणून शेपिंगसाठी वेग मोजताना चाचणी मिनिटभर तरी चालवावी, नाहीतर फुगलेला आकडा हाती येतो आणि त्याच्या ९० टक्के घालूनही रांग कंपनीकडेच राहते.

एफयूपीचंही, म्हणजे 'फेअर यूसेज पॉलिसी'चंही, तसंच. महिन्याचा ठरलेला डेटा संपला की 'अनलिमिटेड' प्लॅनचा वेग खाली येतो. तो किती खाली यावा याला तळ हवा म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरण 'ट्राय'ने २०१६ मध्ये ५१२ केबीपीएसची किमान मर्यादा सांगितली. ब्रॉडबॅण्ड कशाला म्हणायचं, हा आकडाही काळाबरोबर सरकत आला आहे: २००४ मध्ये २५६ केबीपीएस, २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. वेग ५१२ वर आला त्या दिवशी आपण राउटरमध्ये घातलेला ३६ चा आकडा निरुपयोगी होतो, कारण अरुंद जागा पुन्हा कंपनीकडे गेलेली असते. आणि आपला तोच एक मेगाबाइटचा बफर ५१२ केबीपीएसने रिकामा व्हायला पंधरा सेकंदांहून जास्त घेतो! एफयूपीनंतर इंटरनेट नुसतं हळू होत नाही, ते मेल्यासारखं का वाटतं, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. अशा वेळी राउटरमधला आकडा ४५० केबीपीएसवर आणला तर वेग वाढणार नाही, पण निदान बोलणं होऊ शकेल.

तेच हत्यार, दुसऱ्याच्या हातात

घरात टीव्हीला मागे ठेवून मीटिंगला पुढे सोडणं हा आपला घरगुती कारभार. हेच एखाद्या कंपनीने केलं, पैसे देणाऱ्या ॲपला पुढे सोडलं आणि न देणाऱ्याला रांगेत ठेवलं, तर? यंत्र तेच, आज्ञावलीही तीच. बदलतो तो रांगेचा मालक. नेट न्यूट्रॅलिटीचा वाद नेमका इथे सुरू होतो.

भारतात त्याची पहिली मोठी फेरी दरांवर झाली. काही निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वरून देशभर वाद पेटला आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. वेगाचा प्रश्न त्यानंतर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली की मजकूर अडवणं, त्याचा वेग मुद्दाम कमी करणं किंवा एखाद्याला खास वेग देणं परवान्याच्या अटींतच निषिद्ध असावं. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये ती स्वीकारली. मात्र 'वाजवी वाहतूक व्यवस्थापना'ला त्यात जागा ठेवली आहे, कारण गर्दीच्या वेळी रांग लावावीच लागते. गर्दीमुळे रांग लावणं वाजवी. रांगेतला माणूस कुणाचा आहे हे पाहून त्याला पुढे घेणं वाजवी नाही.

मार्च २०२० मध्ये या तत्त्वाची वेगळीच परीक्षा झाली. टाळेबंदी लागली आणि सगळा देश एकदम घरून ऑनलाइन आला. तेव्हा नेटफ्लिक्स, गूगल, हॉटस्टार अशा कंपन्यांनी एकत्र ठरवून मोबाइल जाळ्यांवर चित्राचा दर्जा १४ एप्रिलपर्यंत ४८० पिक्सेलच्या वर जाऊ न देण्याचं जाहीर केलं. वाटेतल्या कुणी त्यांना अडवलं नव्हतं, त्यांनी उगमापाशीच स्वतःला आवरतं घेतलं. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये संगणकांना जे शिकवलं होतं, तेच यावेळी कंपन्यांनी केलं.

सगळ्यांनाच शेपिंग लागतं असं नाही. ५०० एमबीपीएसची जोडणी आणि घरात दोन माणसं असतील तर वाट सहसा भरतच नाही आणि साधा राउटर त्या वेगाने शेपिंग करताना उलट गुदमरतो. जोडणी जितकी लहान, माणसं जितकी जास्त आणि चढती वाहतूक जितकी जड, तितका त्याचा उपयोग मोठा. म्हणून पुढचा, दुप्पट पैशांचा प्लॅन घेण्याआधी एक रात्र मोजणीला द्यावी. फाइल चढत असताना पिंग शांत राहत असेल आणि तरीही काम अडत असेल, तर जास्त वेग विकत घेण्यात अर्थ आहे. पिंग उसळत असेल तर दुप्पट वेगाने रांग फार तर निम्मी होईल. शिस्त मात्र राउटरच्या पानावरच्या दोन आकड्यांतून येईल आणि त्यांना पैसे पडत नाहीत.